फ्लॅट पुण्यात, बिऱ्हाड सेलूत

मंठ्याकडून येणारा रस्ता देवगाव फाट्याला फुटतो. एक वाट सेलू, पाथरी, सोनपेठ करत परळी-अंबाजोगाईकडे जाते, दुसरी जिंतूरकडे. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्याचं हे ठिकाण धड खेडं नाही आणि शहर तर नाहीच. अशा फाट्यावर ज्यांचा संसार चालतो त्यांचं सगळंच वेगवेगळ्या गावांत विखुरलेलं असतं. दुकान फाट्यावर, शेत आतल्या खेड्यात, म्हातारे आईवडील शेताजवळच्या जुन्या घरात आणि मुलं शिकायला सेलूला, नाहीतर परभणीला. शाळेवरचे गुरुजी, बँकेतले बाबू, दवाखान्यातल्या सिस्टर तालुक्याच्या गावी दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतात आणि रोज ये-जा करतात. त्यात आता आणखी एका ठिकाणाची भर पडली आहे. पुण्याच्या कडेला बुक केलेला फ्लॅट, किंवा संभाजीनगरच्या बाहेर घेऊन ठेवलेला प्लॉट.

म्हणजे माणूस मालकही आहे आणि भाडेकरूही आहे. महिन्याच्या पाच तारखेला बँक हप्ता कापून घेते आणि सात तारखेला घरमालक दारात येतो. पुण्यामुंबईत हा विषय निघाला की चर्चा परताव्याच्या टक्क्यांवर जाते: भाड्यानं राहा, पैसा गुंतवा, घर म्हणजे अडकलेलं भांडवल. फाट्यावर याच्या नेमकं उलटं ऐकू येतं: भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, काहीही करून स्वतःचं घ्या. ही दोन्ही वाक्यं अर्धी खरी आहेत. भाड्यानं राहण्यात कमीपणा नाही. पण ज्या फ्लॅटमध्ये आपण कधीच राहणार नाही त्याचा हप्ता पोटाला चिमटा काढून वीस वर्षं भरायचा, हा व्यवहार इथल्या बहुतेक कुटुंबांना परवडत नाही. तो का परवडत नाही, हे कागदावर मांडून दाखवता येतं.

मराठी माणसाला एकीकडे घर आणि दुसरीकडे भाड्याची खोली ही रीत नवी नाही. मुंबईच्या गिरणगावातल्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराचं रत्नागिरीत किंवा साताऱ्यात स्वतःचं घर असायचं. मुंबईतली भाडी १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली होती, त्यामुळे भाडं नाममात्र, आणि गावचं घर कर्जाविना, वाडवडिलांचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगार थांबला तेव्हा हजारो कुटुंबं त्याच गावच्या घरी परतली. त्या घराची बाजारातली किंमत कुणी विचारली नव्हती. ते मोकळं होतं, आपलं होतं आणि त्यावर कुणाचा हप्ता नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत पुण्याहून मराठवाड्यात आलेल्या पोरांनाही अशाच घरांनी सावरलं.

आजची मांडणी वरून तशीच दिसते, आतून ती पार बदलली आहे. गिरणी कामगाराचं जे घर दूर होतं ते कर्जमुक्त होतं. आज दूरचा फ्लॅट कर्जात आहे आणि जवळची खोलीही आपली नाही.

हिशोब एकदा मांडूच

एक शिक्षक दांपत्य समोर ठेवू. उदाहरण कल्पित आहे, आकडे ढोबळ आहेत. ज्यानं त्यानं आपले आकडे घालून पाहावेत. सेलूत भाडं महिना ६,००० रुपये. पुण्याच्या कडेला ४५ लाखांचा तयार फ्लॅट. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. स्वतःचे ९ लाख घातले आणि ३६ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं, तर हप्ता येतो साधारण ३१,२४० रुपये.

आता त्या फ्लॅटचं उत्पन्न. भाडं १३,००० धरू. वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा राहतोच: जुना भाडेकरू जातो, रंगकाम होतं, नवा मिळेपर्यंत वेळ जातो. अकरा महिन्यांचे आले १ लाख ४३ हजार. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च महिना अडीच हजारांनी ३० हजार गेले. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिगर-भोगवटा शुल्क लावते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे पुष्कळ मालकांना माहीत नसतं आणि मागतील तेवढं ते भरत राहतात. त्याचे २ हजार धरू. महापालिकेचा कर ८ हजार. एजंटची दलाली, कराराची नोंदणी, नळ-वायरिंगची किरकोळ दुरुस्ती आणि पुण्याची एखादी फेरी मिळून ८ हजार. हातात उरले ९५ हजार.

पंचेचाळीस लाखांवर पंचाण्णव हजार म्हणजे जेमतेम दोन टक्के. बँकेला आपण देतोय साडेआठ. वर्षाचे हप्ते ३ लाख ७५ हजारांच्या घरात. भाड्याचे पंचाण्णव हजार वजा केले तरी दर महिन्याला तेवीस हजार रुपये पगारातून त्या फ्लॅटला जातात. त्यावर सेलूच्या खोलीचे ६ हजार वेगळे.

यावर लगेच उत्तर येतं, भाव वाढतो ना. वाढतो, काही ठिकाणी खूप वाढला आहे. हिंजवडीकडे, वाकडकडे ज्यांनी वेळेवर घेतलं त्यांचं भलं झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण किती वाढला तर आपण बरोबरीत येतो, हे कुणी मोजत नाही. पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे ३ लाख ३ हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरून आपले घातलेले साडेबारा लाख मुदत ठेवीत सात टक्क्यांनी असते तर ८७ हजार मिळाले असते. बेरीज ३ लाख ९० हजार, त्यातून निव्वळ भाडं वजा केलं की राहतात २ लाख ९५ हजार. म्हणजे फ्लॅटचा भाव वर्षाला साडेसहा टक्क्यांनी वाढला तर फायदा शून्य आणि तोटाही शून्य. त्याहून कमी वाढला तर आपण पदरचे घालतोय. शिवाय भाववाढ हातात येते ती विकल्यावर. आपल्याकडे घर विकणं म्हणजे घराण्याला उतरती कळा लागल्याची खूण, त्यामुळे ते कुणी विकत नाही. भाववाढ गप्पांमध्ये राहते आणि हप्ता पासबुकात दिसतो.

दुसरं ठरलेलं उत्तर, कर वाचतो. हे एकेकाळी खरं होतं. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरचं २ लाखांपर्यंतचं व्याज वजा होतं, भाड्यानं राहणाऱ्या नोकरदाराला घरभाडे भत्त्याची सूट मिळते, आणि घर एका गावी नि नोकरी दुसऱ्या गावी असेल तर दोन्हींचा लाभ घेता येतो. पण २०२३-२४ पासून नवी प्रणाली हीच मूळ प्रणाली झाली आहे. तिच्यात घरभाड्याची सूट नाही, आणि भाड्यानं दिलेल्या घराचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. २०२५-२६ पासून त्याच प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. पगारदारासाठी प्रमाणित वजावटीसह ही मर्यादा पावणेतेरा लाखांपर्यंत जाते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर आधीपासूनच नाही. मग फाट्यावरच्या शिक्षकानं, ग्रामसेवकानं, दुकानदारानं कर वाचवायला कर्ज काढायचं म्हणजे नेमका कोणता कर वाचवायचा? बुकिंग घेणारा मात्र आजही जुनंच कोष्टक समोर ठेवतो.

तरीही घेतात, आणि का ते समजून घ्यायला हवं

या कुटुंबांना हिशोब येत नाही असं समजणं त्यांच्यावर अन्याय आहे. कापसाचा एकरी खर्च तोंडपाठ सांगणाऱ्या माणसाला हप्ता कळतो. तो फ्लॅट घेतो त्यामागे दोन भीती असतात, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

पहिली म्हातारपणाची. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी आणि शिक्षक त्यासाठी संपावर गेले होते. पुढे सरकारनं सुधारित योजना आणली, पण मधल्या अठरा वर्षांत एका पिढीच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: आपली पेन्शन आपणच उभी करायची. फ्लॅटचं भाडं हीच पेन्शन, असं त्यांनी धरलं. विचार चुकीचा नाही, वयाचं गणित मात्र चुकतं. शिक्षकाची निवृत्ती ५८ व्या वर्षी. बेचाळिसाव्या वर्षी वीस वर्षांचं कर्ज घेतलं तर निवृत्तीनंतरही चार वर्षं हप्ता उरतो. पेन्शन म्हणून घेतलेला फ्लॅटच पेन्शन खाणार.

दुसरी भीती सोयरिकीची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फ्लॅट तिच्यामुळे खपतात. मराठवाड्यात आज मुलाचं स्थळ सांगताना शेती किती यानंतर लगेच विचारतात, पुण्यात काय आहे? मुलगा पुण्यात कंपनीत आहे एवढं पुरत नाही, फ्लॅट स्वतःचा का भाड्याचा हेही लागतं. बायोडाटात ‘पुणे येथे स्वतःचा फ्लॅट’ ही ओळ असली की पाहुणे चहाला थांबतात. मुलीच्या बापाचा प्रश्नही समजण्यासारखा आहे. पावसाच्या भरवशाची शेती त्यानं आयुष्यभर पाहिली आहे, मुलीला तरी पक्कं छप्पर मिळावं असं त्याला वाटतं. पण त्यातून असं होतं की मुलगा विशीत असतानाच बाप त्याच्या लग्नासाठी कर्जबाजारी होतो. पोरगा पुढे नोकरी बदलून हैदराबादला नाहीतर बंगळुरूला जातो, फ्लॅटला कुलूप लागतं आणि आईबाप सेलूच्या दोन खोल्यांतच राहतात.

ही कुलपं थोडीथोडकी नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांमध्ये १ कोटी १० लाखांहून अधिक घरं रिकामी आढळली होती. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालानं शहरांतली रिकामी घरं हा स्वतंत्र विषय म्हणून मांडला. सर्वांत जास्त, सुमारे ४ लाख ८० हजार, एकट्या मुंबईत होती. रिकामं ठेवण्याचं एक कारण भाडेकरूची धास्ती. जुन्या कायद्यांच्या काळात आत आलेला भाडेकरू निघत नसे. मराठवाड्यातल्या शहरांना तेव्हा हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे कायदा लागू होता. हे वेगवेगळे कायदे जाऊन महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा एकच कायदा ३१ मार्च २००० पासून आला. त्यात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर परत मिळवायला कलम २४ ची वेगळी वाट आहे. मात्र कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात, मालकाला ५ हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. नुसत्या मुद्रांकावर सह्या करून समाधान मानणाऱ्या मालकांनी हे कलम एकदा वाचावं.

गावातल्या घराची अडचण

मग स्वतःचं घर फाट्यावरच का बांधत नाहीत? मोठं कारण कागदाचं आहे. गावठाणातल्या घराला बहुधा ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा एवढाच आधार असतो. तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. बँका त्यावर कर्ज द्यायला तयार होत नाहीत. पुण्यातल्या फ्लॅटला छत्तीस लाख मिळतात आणि स्वतःच्या गावात, स्वतःच्या जागेवर बांधायला आठ लाख मिळत नाहीत. माणूस जिथं कर्ज मिळतं तिथं घर घेतो, जिथं राहायचं आहे तिथं घेत नाही. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका द्यायचं काम हाती घेतलं, ते या दृष्टीनं मोलाचं आहे. आपल्या गावाची मोजणी झाली असेल तर ती पत्रिका काढून घेणं, तिच्यावर नावं बरोबर आहेत का ते पाहणं, हे पुण्यातल्या बुकिंगच्या आधीचं काम आहे.

आकड्यांच्या बाजूनं प्रामाणिकपणे बोलायचं तर स्वतःच्या जागेवर १५ लाख घालून बांधलेलं घरही फार मोठा परतावा देत नाही. सेलूचं सहा हजारांचं भाडं वाचलं तर वर्षाचे ७२ हजार, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत. तेच पंधरा लाख सात टक्क्यांच्या ठेवीत १ लाख ५ हजार देतील. कागदावर भाडेकरू जिंकतो. पण वाचलेल्या भाड्यावर कर नाही, दरवर्षी भाडं वाढतं त्याप्रमाणे ही बचतही वाढते, आणि काही गोष्टी या कोष्टकात येतच नाहीत.

वर्षाची ज्वारी आणि तूर ठेवायला जागा लागते. शेत असलेल्या घरात दाणे विकत आणत नाहीत, आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सहा-सात पोती ठेवली की पोरांना अभ्यासाला कोपरा उरत नाही. अकरा महिन्यांनी घरमालकाच्या मुलाचं लग्न निघतं आणि खोली खाली करावी लागते. मग नवी शाळा, रेशन कार्डाचा नवा पत्ता, गॅसची बदली. आजारी वडिलांना उपचारासाठी सेलूला आणून ठेवायचं तर घरमालकाला आधी विचारावं लागतं. आणि सगळ्यांना खोली मिळते असंही नाही. आडनाव विचारून, जात ओळखून, धर्म पाहून, बाई एकटी आहे म्हणून नकार देणारे घरमालक तालुक्याच्या गावात आहेत आणि पुण्यातही आहेत. ‘नुकतीच दिली खोली’ हे उत्तर ज्यांनी दारोदार ऐकलं आहे त्या दलित आणि मुस्लिम कुटुंबांना कुणी भाड्यानं राहण्याचे आर्थिक फायदे सांगू नयेत. त्यांच्यासाठी स्वतःचं घर ही मानानं जगण्याची पहिली अट आहे.

घरातल्या बाईचाही यात वेगळा हिशोब असतो. फ्लॅट बहुतेकदा नवऱ्याच्या नावावर, कर्ज त्याच्या पगारावर, आणि ती ज्या खोलीत दिवसभर वावरते ती तिसऱ्याच्याच मालकीची. उद्या नवऱ्याचं बरंवाईट झालं तर तिच्या वाट्याला न पाहिलेला फ्लॅट आणि त्याचं कर्ज येतं. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. निदान त्या निमित्तानं तरी नाव तिचं लागावं.

प्लॉटचा मोह

फ्लॅट नको म्हणणारे प्लॉटकडे वळतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला, आणि जालन्याहून नांदेडला जाणारा सुमारे १७९ किलोमीटरचा जोडमार्ग परभणी जिल्ह्यातून जायचा आहे. नुसत्या आखणीनंच आजूबाजूच्या जमिनींचे भाव बोलले जाऊ लागले. मराठवाड्यातल्या कुठल्याही फाट्यावर आता शेतात पांढरे दगड रोवलेले दिसतात, वर फलक असतो. तिथं पाहायची गोष्ट फलक नाही, जमीन अकृषिक झाल्याचा आदेश आणि मंजूर रेखांकन आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ साली राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरलं. त्याखालच्या एक-दोन गुंठ्यांच्या व्यवहारांत लोकांचे पैसे वर्षानुवर्षं अडकले. २०२५ मध्ये सरकारनं निवासी भागातल्या छोट्या तुकड्यांसाठी सवलतीचं पाऊल उचललं, पण आपला तुकडा त्यात बसतो का, हे प्लॉट विकणाऱ्याला न विचारता तहसील कार्यालयात विचारायचं असतं. मोकळा प्लॉट भाडंही देत नाही आणि छप्परही देत नाही, हे विसरून चालणार नाही.

फाट्यानं स्वतःचं एक उत्तर काढलेलं आहे आणि मला ते सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं: खाली गाळे, वर घर. रस्त्याकडेला जागा असेल तर पुढे दोन गाळे काढायचे, एकात स्वतःचं दुकान, दुसरा भाड्यानं, आणि वर राहायला खोल्या. गाळ्याचं भाडं घराच्या भाड्याहून बरं मिळतं, भाडेकरू डोळ्यांसमोर असतो, दुरुस्तीला पुण्याची गाडी धरावी लागत नाही, आणि मालकाला स्वतःचं छप्पर मिळतं. राहणं आणि गुंतवणूक यांचं भांडण तिथंच मिटतं. मात्र महामार्गाच्या मध्यापासून बांधकामाला ठरावीक अंतर सोडावं लागतं. ते न सोडता बांधलेले गाळे रुंदीकरणात जातात आणि भरपाईही अडते. बांधण्याआधी ती रेषा लेखी विचारून घ्यावी.

ज्यांना बदलीच्या नोकरीमुळे किंवा मुलांच्या शिक्षणासाठी भाड्यानंच राहायचं आहे त्यांनी निःशंक राहावं. फक्त दूरची मालमत्ता घ्यायची तर ती पगारावर न लादता स्वतःच्या भाड्यावर निदान निम्मा हप्ता तरी भरेल एवढंच कर्ज काढावं, आणि ते निवृत्तीआधी फिटावं. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. देशात कुठंही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर असेल तर शहरी पंतप्रधान आवास योजनेचा लाभ मिळत नाही. पुण्यातला वन आरके आज गुंतवणूक म्हणून घेतला, तर उद्या सेलूत राहण्यासाठी घर घेताना तो आडवा येऊ शकतो.

दिवाळीत बुकिंगच्या जाहिराती येतील, पाडव्याचा मुहूर्त सांगितला जाईल. पैसे भरायला निघण्याआधी एवढं करा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून तो कुठवर आला आहे आणि ताबा कधी देणार हे पाहा. त्याच परिसरात आज प्रत्यक्ष किती भाडं मिळतं हे बिल्डरला न विचारता तिथल्या दोन भाडेकरूंना विचारा. वर मांडलेला हिशोब आपल्या आकड्यांनी एका वहीच्या पानावर करा आणि तो घरात सगळ्यांसमोर, बायकोसमोर आणि ज्याच्यासाठी घेताय त्या मुलासमोरही, मोठ्यानं वाचा. मुलगा म्हणाला की मी तिथं राहणार नाही, तर टोकन देऊ नका.